पाचवा महिना सरत आला, तरी आत काहीच हललेले कळत नाही

मंजिरी_डोंबिवली

सर्वांना नमस्कार. मी पहिलटकरीण आहे आणि परवाच २० आठवडे पूर्ण झाले. पहिले तीन महिने इतके वाईट गेले की शेजारच्या घरात फोडणी पडली तरी मी गॅलरीत पळत असे, आणि सकाळी जलद लोकल पकडून दादरला पोहोचेपर्यंत ठाण्याला किंवा घाटकोपरला एकदा तरी उतरून फलाटावरच्या बाकावर बसावे लागे. चौथा महिना लागला आणि एके दिवशी मळमळ थांबली ती थांबलीच. आता जेवण जाते, झोप लागते, केससुद्धा गळत नाहीत. घरातल्या आणि कचेरीतल्या सगळ्याजणी सांगतात की हेच खरे सुखाचे महिने आहेत, पुढे पोट जड होईल, तेव्हा आत्ताच काय ते हिंडून-फिरून घे.

माझी अडचण अशी आहे की मला काहीच होत नाही, आणि हे काहीच न होणे मला उलट्यांपेक्षा जड जाते आहे. उलट्या होत होत्या तेव्हा निदान आत कुणीतरी आहे याची रोजची पावती मिळत होती. पोट अजून ओढणीआड लपते. लोकलमध्ये ‘कुठे उतरणार?’ असे विचारत पुढची जागा धरून ठेवण्याची विद्या मला चांगली अवगत आहे, पण ‘मी गरोदर आहे, मला बसू द्या’ हे वाक्य काही केल्या तोंडातून निघत नाही. एकदा निघाले, तर समोरच्या बाईने आधी माझ्या पोटाकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहिले, आणि तिचा निर्णय होत नाही हे मला स्पष्ट दिसले. शेवटी मीच ‘असू द्या’ म्हणाले.

मागच्या आठवड्यात ती मोठी सोनोग्राफी झाली, ज्यात बाळाचा एकेक अवयव तपासतात. आत शिरण्यापूर्वी अर्ज भरून सही करावी लागली, आणि भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही असा मोठा फलक होता. पडद्यावर पाठीचे मणके ओवलेल्या मण्यांसारखे दिसले, हृदयाचे चार कप्पे डॉक्टरांनी एकेक करून दाखवले, आणि एक पाय तर असा झटकला की डॉक्टरांना माप घेण्यासाठी थांबावे लागले. मला चकित करणारी गोष्ट म्हणजे तो पाय माझ्याच पोटात झटकला गेला आणि मला त्यातले काडीइतकेही कळले नाही. मी ते शेजारच्या घरात चाललेले काहीतरी पाहावे तसे पाहत होते.

अहवालात बाळ ठीक आहे, मात्र वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असून खाली आहे, तिची कड गर्भाशयाच्या मुखापासून १५ मिलिमीटरवर आहे असे लिहिले आहे. ‘३२ व्या आठवड्यात पुन्हा पाहू, काळजीचे कारण नाही, जड उचलू नका,’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली गेली, त्यामुळे ‘का’ हा प्रश्न माझ्याजवळच राहिला.

मला जाणून घ्यायचे आहे ते हे की तुम्हाला पहिली हालचाल कधी आणि नेमकी कशी जाणवली, वार खाली असणे म्हणजे काय, आणि या अवस्थेत रोजचा लोकलचा प्रवास चालू ठेवावा का. शिवाय या मधल्या महिन्यांत तुमचे मन कुठे होते, हेही कुणी मोकळेपणाने सांगितले तर बरे वाटेल. सासूबाई सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाची तारीख काढून बसल्या आहेत, आणि मला मात्र आत कुणीतरी एकदा दार ठोठावल्याशिवाय हिरवी साडी विकत घेण्याचे धाडस होत नाही.


रानजाई (नाशिक)

मंजिरी, पहिली हालचाल म्हणजे लाथ असणार अशा अपेक्षेने वाट पाहत बसलात, तर ती येऊन गेलेली तुम्हाला कळणारही नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी ती १९ व्या आठवड्यात आली असावी. ‘असावी’ असे म्हणते, कारण तीन-चार दिवस मी तिला पोटातला वायू समजून जेवणानंतर ओवा चावत होते. चहाचे आधण उकळू लागण्यापूर्वी भांड्याच्या तळाशी जे बारीक बुडबुडे सुटतात, तसे काहीतरी बेंबीच्या चार बोटे खाली व्हायचे आणि लक्ष द्यावे तर थांबायचे. चौथ्या दिवशी ते ओवा न खाताच थांबले आणि ओवा खाल्ल्यावर सुरू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धाकटीच्या वेळी १६ व्या आठवड्यातच ओळखले, कारण एकदा ओळख झालेली होती. दुसरेपणी बायकांना लवकर कळते ते यामुळेच.

तुमच्या बाबतीत वार पुढे आहे, हे उत्तराचा अर्धा भाग आहे. वार पुढच्या भिंतीला असली की ती बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये गादीसारखी पडते, आणि बाळाने कितीही हातपाय झाडले तरी ते त्या गादीत जिरतात. माझ्या जावेची वार अशीच होती. तिला २२ वा आठवडा उलटल्यावर प्रथम काही कळले आणि तेही समोर नव्हे, तर एका कडेला, जांघेच्या जरा वर. म्हणून तुम्ही पोटाच्या मधोमध हात ठेवून वाट पाहत असाल, तर हात थोडा खाली आणि बाजूला सरकवा.

माझी एक सवय सांगते. रात्रीचे जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने दिवा बंद करून डाव्या कुशीवर पडायचे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. दिवसभर आपण चालत असतो तेव्हा पोटातले मूल झुलवल्यासारखे निजते आणि आपणही कामात असतो, तेव्हा कळण्याची वेळ हीच. मात्र आत्ताच वही घेऊन हालचाली मोजू नका. त्या मोजण्याचे दिवस २८ व्या आठवड्यानंतर येतात, तोपर्यंत त्या अनियमितच असतात. २४ वा आठवडा होईपर्यंत काहीच जाणवले नाही तर मात्र न लाजता डॉक्टरांना सांगावे.


आरोग्यसेविका_निवृत्त

मी सातारा जिल्ह्यातील एका उपकेंद्रात २६ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले, त्यामुळे माझे उत्तर लांबणार आहे. आधीच क्षमा मागते. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ते घेणार नाही, पण जो ‘का’ तुमच्याजवळ राहिला आहे, त्याचे काहीतरी करता येईल.

लहान मुलांचा फुगा घ्या, तो थोडा फुगवा, तोंडाजवळ पेनाने एक ठिपका काढा आणि मग फुगा पूर्ण फुगवा. ठिपका स्वतः हललेला नसतो, तरी तो तोंडापासून लांब गेलेला दिसतो, कारण मधला रबर ताणला गेला. २० व्या आठवड्यात खाली दिसणाऱ्या वारेचे बहुतेक वेळा असेच होते: गर्भाशयाचा खालचा भाग पुढच्या तीन महिन्यांत वाढतो आणि वार वर सरकल्यासारखी दिसते. कड मुखापासून २० मिलिमीटरच्या आत असली की ‘खाली’ असे लिहितात. तुमची १५ आहे, म्हणजे मुखावर आलेली नाही. या टप्प्यावर वार खाली असलेल्या दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींची वार प्रसूतीपर्यंत वाट मोकळी करून देते. आधी सिझेरियन झाले असते तर मी हे वाक्य इतक्या मोकळेपणाने लिहिले नसते, कारण जुन्या व्रणावर रुजलेल्या वारेची गोष्ट वेगळी असते. तुमची पहिलीच खेप आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. न दुखता लाल रक्त अंगावर गेले, मग ते डागाएवढे का असेना, तर उद्यावर न ढकलता थेट रुग्णालयात जायचे आणि तेथे पोहोचताच ‘माझी वार खाली आहे’ हे आधी सांगायचे. रक्तस्राव नसेल तर चालणे-फिरणे किंवा नोकरी बंद करायला सहसा सांगत नाहीत, तरी प्रवासाबद्दल आणि शरीरसंबंधाबद्दल आपल्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. दुसरा प्रश्न विचारताना बायका जमिनीकडे पाहतात आणि तसाच घरी घेऊन जातात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या, कारण त्यासाठीचे इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात देतात.

आता ‘मला काहीच होत नाही’ या तुमच्या वाक्याबद्दल. या महिन्यांत शरीरात केवढी उलाढाल चालते ते बाहेरून दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होण्याच्या वाटेवर असते. त्यातला पाण्याचा भाग अधिक वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणजे डाळ थोडी वाढवली आणि पाणी पुष्कळ, तर वरण पातळ होणारच. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन थोडे उतरते. पण ११ च्या खाली गेलेला आकडा ‘या दिवसांत असेच असते’ म्हणून सोडून देण्यासारखा नसतो. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली, निदान १८० दिवस देतात आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते. या दोन गोळ्या एका घोटात गिळणे म्हणजे लोहाला दारातच अडवणे; मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये. लिंबू पिळलेले पाणी चालते.

गोळ्यांवरून आठवले. आमच्या गावात एक सून दर महिन्याला रिकामी पाकिटे अगदी इमानाने आणून दाखवत असे, आणि तिचे हिमोग्लोबिन मात्र ८ वरून हलत नव्हते. शेवटी गोळ्या परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी सापडल्या. शौचाला काळे होते म्हणून ती घाबरली होती, आणि गोळीने मूल फार मोठे होते व मग ते अडते, असे तिला कुणी सांगितले होते. काळे होणे हे गोळीमुळेच असते आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे पहिल्या दिवशी सांगायला मी विसरले होते. चूक माझी होती, आणि तिथून पुढे प्रत्येक पाकिटाबरोबर मी ते एक वाक्य द्यायला लागले. शेवग्याला लोहाची गरज नव्हती. त्याच्या पाल्यात ते मुळातच असते.

खाण्याबद्दल दोनच वाक्ये. दोन जिवांसाठी दुप्पट जेवायचे नसते. या महिन्यांत रोज ३५० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादे फळ. आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी चुकवू नका: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तास बसून राहायचे आणि मग रक्त द्यायचे, आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. आकडा १४० किंवा वर आला तर पुढचे उपचार ठरतात. दोन तास बसायचे म्हणून बायका मधेच बाजार करून येतात, तसे करू नये.

आमच्याकडे उपकेंद्रात सोनोग्राफीचे यंत्र नव्हते. मी बोटांनी मोजत असे. २० व्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी लागतो. उताणे पडून बेंबीजवळ हलक्या हाताने दाबून पाहा, आत एक टणक गोलाई लागेल. ती पूर्वी तिथे नव्हती.


कावेरी_कल्याण

मंजिरी, तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, परंतु मनाबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. मी बँकेत नोकरी करते. माझे पहिले मूल २१ व्या आठवड्यात गेले. त्याआधी तीन दिवस ओटीपोटात जडपणा होता, कंबर मंद दुखत होती आणि पाण्यासारखे काहीतरी अंगावर जात होते. ज्यांना ज्यांना सांगितले त्या सर्वांनी ‘पाचव्या महिन्यात असे ओढते’ असे उत्तर दिले, आणि त्यात एका दवाखान्यातील डॉक्टरही होते. नंतर कळले की माझ्या गर्भाशयाचे मुख आखूड होते आणि कळा न येताच उघडत गेले.

पोट वाढते तसे दोन्ही बाजूंचे बंध ताणले जातात आणि एकदम उठले, शिंकले किंवा कुशी बदलली की जांघेपाशी सणक येते. ती क्षणात येते आणि जाते, आणि ते खरोखरच नेहमीचे असते. जे जात नाही, लयीत येते, खाली दाब देते किंवा ज्याच्याबरोबर पाणी वा रक्त जाते, ते नेहमीचे नसते. हा फरक मला त्या वेळी कुणी सांगितला नाही, म्हणून मी तो भेटेल त्या पहिलटकरणीला सांगते. तुमच्या अहवालात गर्भाशयाच्या मुखाची लांबी लिहिलेली आहे का ते पाहा. २५ मिलिमीटरपेक्षा ती कमी असेल तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात. तुमची चांगली असेल तर तो आकडा तुम्हाला निवांत झोप देईल.

दुसऱ्या वेळी १३ व्या आठवड्यात माझ्या गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला आणि ३७ व्या आठवड्यात काढला. ते मधले महिने मी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत काढले. ‘सुखाचे महिने’ हा शब्द ऐकला की मी खोलीतून उठून जात असे. २१ वा आठवडा पार पडला त्या रात्री नवऱ्याने काही न बोलता बाहेरून पावभाजी आणली आणि आम्ही दोघांनी ती स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ली. डोहाळजेवण मी करू दिले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. मुलगी आता तीन वर्षांची आहे.

व्यवहाराची एक गोष्ट राहिली. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो डबा असतो, त्यातून गरोदर स्त्रियांना प्रवास करता येतो. डॉक्टरांचा दाखला पर्समध्ये ठेवा. तेथे पोट दिसत नसले तरी कागद दिसतो, आणि तुम्हाला ते अवघड वाक्य म्हणावे लागत नाही. नोकरीच्या ठिकाणी प्रसूतिरजेचा अर्जही आत्ताच समजून घ्या: पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात.


काजूची_उसळ (हॅरो, लंडन)

कावेरी, तुमचे वाचून थोडा वेळ काही लिहिता आले नाही.

मंजिरी, मी मूळची सावंतवाडीची, सध्या लंडनच्या हॅरो भागात राहते आणि माझा २६ वा आठवडा चालू आहे. तुमची शांतता मला चांगलीच परिचयाची आहे, कारण इथे ती सरकारमान्य आहे. सगळे सुरळीत असेल तर २० व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीनंतर आणखी सोनोग्राफी सहसा होतच नाही. डॉक्टर क्वचितच दिसतात. मिडवाइफ पाहते, आणि तीही पहिलटकरणीला पुढची वेळ थेट २५ व्या आठवड्याची देते. तेव्हा ती शिंप्याच्या फितीने पोटाची उंची मोजते, ठोके ऐकवते, रक्तदाब घेते आणि ‘छान’ म्हणून परत पाठवते. आईला फोनवर हे सांगितले तर तिला वाटते की मी काहीतरी लपवते आहे. लोहाची गोळीही सरसकट देत नाहीत, रक्तात कमी असेल तरच. साखरेची तपासणी मात्र मला करावी लागली, कारण दक्षिण आशियाई वंश हेच इथे धोक्याचे एक कारण धरतात.

इथल्या भुयारी रेल्वेत गरोदर स्त्रियांना फुकट बिल्ला मिळतो, त्यावर ‘बाळ सोबत आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. मी तो १५ व्या आठवड्यातच लावला. पहिल्या दिवशी एक गृहस्थ वर्तमानपत्र घडी करून उठले आणि मी इतकी ओशाळले की एक स्टेशन आधीच उतरले. तेव्हा तुमचे ‘असू द्या’ मला चांगले समजते.

सोनोग्राफीत त्या बाईंनी सहज विचारले, ‘मुलगा की मुलगी ते सांगू का?’ लहानपणापासून दवाखान्यांच्या भिंतींवर तो तुमच्यासारखाच फलक पाहत आल्याने मी अशी दचकले, जणू कुणी मला गुन्ह्यात सामील व्हायला बोलावले. नवरा माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे पाहत राहिलो आणि दोघांनी एकदमच नको म्हटले. बाईंना त्यात एवढे गंभीर काय आहे ते कळेना.

डोहाळ्यांचे म्हणाल तर मला ओल्या काजूंची उसळ हवी होती, तीही ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जेव्हा ती कोकणातही मिळत नाही. सुके काजू रात्रभर भिजवून आईच्या मसाल्यात केली. चव बरी होती, पण ओल्या काजूची साले सोलताना बोटांना जो चीक लागतो तो नव्हता, आणि मी पातेल्यासमोर उभी राहून रडले. हे दुःख होते की पाचवा महिना होता, ते नवऱ्याने विचारले नाही.


मालतीकाकू_रत्नागिरी

मंजिरी, मी तुझ्या आईपेक्षाही मोठी असेन म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे, त्यामुळे आधी शब्दाकडे जाते. ‘डोहाळे’ याच्या मागे संस्कृतातला ‘दोहद’ आहे. सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, आणि दोन हृदये झाली म्हणून त्या स्त्रीला दौहृदिनी म्हणावे, तिला जे हवेसे वाटते ते द्यावे. म्हणजे डोहाळे हे जिभेचे लाड नव्हेत; आत दुसरे कुणी इच्छा करू लागले आहे, अशी त्यामागची समजूत आहे. कालिदासाने रघुवंशात राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लावले आहेत. माझ्या वर्गात मुली हसत, आणि त्यांच्याच घरी कुणीतरी पाटीवरची पेन्सिल किंवा भाजलेली माती खात असे. आरोग्यसेविका बाईंना विचारशील तर त्या सांगतील की अशी इच्छा झाली तर आधी हिमोग्लोबिन तपासावे.

माझी थोरली १९८८ सालची. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने त्याच वर्षी केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. आमच्या गावात तेव्हा सोनोग्राफी कुणी पाहिलेलीही नव्हती. आत काय आहे हे कळण्याचे एकच साधन होते आणि ते म्हणजे पोट. मला २१ वा आठवडा होता की २३ वा, कुणी मोजले होते? भात लावणीच्या दिवसांत दुपारी पडवीत आडवी झाले असता आत मासा वळावा तसे काहीतरी वळले. मी सासूबाईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या ताटात भातावर नेहमीपेक्षा एक पळी तूप जास्त पडले.

डोहाळजेवणाबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, झोपाळा, पाच प्रकारचे भात हे सारे मला आवडते. पण दोन झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा जो खेळ चालतो, तो मला कायदा झाला त्या वर्षीही आवडला नव्हता. पेढा निघाल्यावर होणारा आवाज आणि बर्फी निघाल्यावर होणारा आवाज मी मुद्दाम कान देऊन ऐकले आहेत. माझ्या सुनेच्या वेळी मी दोन्ही वाट्यांत करंज्या ठेवल्या. दोन म्हाताऱ्या रुसल्या, इतकेच.

आणि तारीख पुढे ढकलायची तर सासूबाईंना खरे कारण सांग. ‘वार खाली आहे, ३२ व्या आठवड्यापर्यंत मला दगदग नको’ हे त्यांना कळेल. आम्हा जुन्या बायकांना वार ही काय चीज आहे ते तुम्हा मुलींपेक्षा जास्त ठाऊक असते.


मंजिरी_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण दरम्यान मी डॉक्टरांची वेगळी वेळ घेऊन प्रश्न कागदावर लिहून नेले. कावेरीताई, अहवालाच्या दुसऱ्या पानावर मुखाची लांबी ३६ मिलिमीटर लिहिलेली होती. मी ते पान उलटलेच नव्हते. रक्तस्राव नाही तोवर प्रवास चालू ठेवायला डॉक्टरांची हरकत नाही, आणि दाखला आता पर्समध्ये आहे. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घ्यायला सांगितले, ते कचेरीने मान्य केले. गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी नेमकी ती चूक करत होते: लोह आणि कॅल्शियम दोन्ही रात्रीच्या दुधाबरोबर.

मालतीकाकू, सासूबाईंशी बोलले. ‘हे आधी का नाही सांगितलेस?’ एवढेच म्हणाल्या, आणि तारीख पुढे गेली. करंज्यांचे अजून सांगितलेले नाही.

आरोग्यसेविका बाई, ती टणक गोलाई बेंबीपाशी खरोखरच लागली. मी नवऱ्याचा हात धरून त्यालाही दाखवली, तर त्याने इतक्या हलकेच बोट ठेवले की त्याला काही कळले असेल असे वाटत नाही.

बाकी सांगायचे तर, गुरुवारी रात्री डाव्या कुशीवर पडले असताना उजव्या जांघेच्या वर एकदा काहीतरी झाले. शुक्रवारी काही नाही. शनिवारी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, खिडकीशी बसले असताना, त्याच जागी दोनदा. कालनिर्णयच्या पानामागे मी तिन्ही वेळा लिहून ठेवल्या आहेत आणि अजून कुणालाही सांगितलेले नाही. वायू असेलही. ओवा मात्र चावलेला नाही.